खेकडा दिसला, की आधी पाणी बघा

मृगाच्या दोन-चार सरी पडल्या, की मुक्ताईनगर परिसरात ठरावीक प्रश्न सुरू होतात. ‘काहो भाऊ, ओढ्यात काळे खेकडे निघालेत, खाल्ले तर चालतात का?’ ‘केळीच्या पाटाचं पाणी खेकड्याच्या बिळातून शेजारच्या शेतात चाललंय, बिळात औषध टाकू का?’ ‘पोरांनी जंगलातल्या नाल्यातून पिशवीभर खेकडे आणले, वनखातं काही करेल का?’ विचारणारे वेगळे, पण माझा उलटा प्रश्न सगळ्यांना एकच असतो: खेकडा कुठल्या पाण्यातला?

कारण आपल्याकडे पाणी चार प्रकारचं आहे. तापीपलीकडे रावेर-यावलच्या अंगाला सातपुड्यातून उतरणारे ओढे. कुऱ्हा, वढोदा, चारठाणा भागातले जंगली नाले. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आणि तिथपर्यंत आलेलं हतनूर धरणाचं फुगवट्याचं पाणी. आणि केळी-कापसाच्या शेतांतून वाहणारे पाट व चाऱ्या. खेकडा दिसायला चारही ठिकाणी सारखाच. खाण्याचा, धरण्याचा आणि बीळ बुजवण्याचा निर्णय मात्र चारही ठिकाणी वेगळा.

संतांच्या या गावात खेकडा ताटात न घेणारी घरंही पुष्कळ आहेत. त्यांनी खाण्याचा भाग सोडून थेट बांधाच्या भागावर जावं, कारण माळकऱ्याच्या बांधालाही खेकडा बीळ पाडतोच.

हा समुद्रातला खेकडा नव्हे

मुंबईच्या बाजारात मिळणारी चिंबोरी किंवा कुर्ली खाडी-समुद्रातली. आपल्या ओढ्यातला खेकडा जन्मापासून मरेपर्यंत गोड्या पाण्याचा. भारताच्या दख्खन भागातले बहुतेक गोड्या पाण्यातले खेकडे ‘गेकार्सिनुसिडी’ नावाच्या कुळात मोडतात. त्यातला महाराष्ट्राला सर्वांत परिचित असलेला ‘बॅरीटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस’ हा कर्नल साइक्स यांनी दख्खनमधून गोळा केलेल्या नमुन्यांवरून १८३६ साली शास्त्राच्या दप्तरी नोंदला गेला. त्याच्या नावाचाच अर्थ बिळं खणणारा. आपल्या बांधाची तक्रार म्हणजे जवळपास दोनशे वर्षं जुनी आहे.

वर्गीकरण एवढं पुरे. निर्णयासाठी खरी उपयोगाची गोष्ट पुढची आहे. समुद्री खेकड्याची मादी लाखांनी अंडी घालते. त्यांतून निघालेली सूक्ष्म पिल्लं लाटांवर दूरवर पसरतात. ओढ्यातल्या मादीची अंडी मोठी, पण मोजकी असतात. ती अंडी पोटाखालच्या झडपेत धरून फिरते, आणि अंड्यातून थेट छोटा खेकडाच बाहेर येतो. पिल्लंही काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतात. वाहत जाऊन दुसरीकडे वस्ती करणारी अवस्था यांच्यात नाहीच. म्हणून एका ओढ्यातले खेकडे संपवले, तर शेजारच्या खोऱ्यातून ते सहजी येत नाहीत. तो ओढा रिकामाच राहतो.

नर, मादी आणि ‘पोकळ’ खेकडा

खेकडा उलटा करून पोट बघा. मधली झडप अरुंद, निमुळती असेल तर नर. रुंद, गोलसर, जवळजवळ सगळं पोट झाकणारी असेल तर मादी. झडप किंचित उचलल्यावर खाली दाण्यांसारखी अंडी किंवा हलणारी पिल्लं दिसली, तर तिला जिथून उचललं तिथेच सोडा. दुसऱ्या ओढ्यात, विहिरीत किंवा शेततळ्यात नेऊन सोडू नका.

अमावस्येचा खेकडा भरलेला आणि पौर्णिमेचा पोकळ, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. ओढ्यातल्या खेकड्यापुरतं तुम्ही पंचांग बाजूला ठेवायला हरकत नाही. खेकडा वाढताना कात टाकतो. जुनं कवच सुटून नवं मोठं कवच येतं, आणि ते मांसानं भरायला वेळ लागतो. त्या काळात सापडलेला खेकडा हलका आणि पाणचट लागतो. आकाराच्या मानानं हाताला जड लागला तर भरलेला, हलका लागला किंवा पोटाकडून दाबल्यावर कवच लवलं तर पोकळ. पोकळ असेल तर पाण्यात सोडून द्या, तसाही रस्सा होणार नाही.

धरताना

पहिल्या पावसानंतर रात्री बॅटरी घेऊन ओढ्यानं फिरणं ही आपल्याकडची जुनी हौस. उन्हाळाभर बिळात ओल धरून बसलेले खेकडे तेव्हाच बाहेर पडतात. पण याच वेळी अपघातही होतात, आणि ते नांगीमुळे क्वचितच होतात.

- बिळात हात घालू नका. साप स्वतः बीळ खणत नाही. उंदराचं किंवा खेकड्याचं आयतं बीळ धरतो. नाग, घोणस, विंचू यांपैकी काहीही आत असू शकतं. काठीनं चाचपून बघणंही धोक्याचं.
- साप चावलाच तर जखम कापू नका, चोखू नका, वर आवळून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठा, किंवा १०८ ला फोन करा. सर्पविषावरची लस तिथे मिळते, भगताकडे मिळत नाही.
- डोंगरात पडलेला पाऊस तुम्हाला दिसत नाही, लोंढा मात्र तुमच्यापर्यंत येतो. पाणी अचानक गढूळ झालं, त्यात काड्या-पाला वाढला, तर काठावर चढा. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. ते उघडतात तेव्हा खालच्या तापीपात्रात पाणी झपाट्यानं चढतं. पावसाळ्यात सूचना ऐकल्याशिवाय पात्रात उतरू नका.
- डोलारखेडा, चारठाणा, वढोदा या पट्ट्यात वाघांचा वावर आहे. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरीही तिथे रात्री नाल्यात वाकून बसणारे लोक आहेत, म्हणून लिहितो: जाऊ नका. अंधारात वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही.
- पाण्यात विजेची तार सोडून मासे-खेकडे मारणं हा गुन्हा तर आहेच, पण पहिला बळी बहुधा तार सोडणाऱ्याचाच जातो.

नांगीनं बोट धरलं तर ओढाताण करू नका. ओढाल तितकी पकड घट्ट होते. हात पाण्यात किंवा जमिनीवर टेकवा. पायाखाली आधार मिळाला, की तो सहसा सोडून पळतो. जखम साबणानं धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं नसेल तर घ्या. खेकडा उचलायचाच असेल तर मागच्या बाजूनं, पाठ आणि पोट अंगठा-बोटात धरून उचला.

खायचा असेल तर

सर्वांत जास्त गोंधळ इथेच आहे. एक म्हणतो, ‘आमच्या आजोबांनी आयुष्यभर खाल्ले.’ दुसरा म्हणतो, ‘त्यात जंत असतात.’ दोघंही खरं बोलतात.

गोड्या पाण्यातल्या खेकड्याच्या अंगात फुप्फुसात राहणाऱ्या एका चपट्या कृमीची सूक्ष्म पिल्लं असू शकतात. हा कृमी आधी गोगलगाईत वाढतो, मग खेकड्यात जातो, आणि खेकडा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खाल्ला तर माणसाच्या फुप्फुसात पोचतो. भारतात याचे रुग्ण प्रामुख्यानं मणिपूर, नागालँड, अरुणाचल या ईशान्येकडच्या राज्यांत सापडले आहेत. आपल्याकडे भीती पसरवण्याचं कारण नाही. आपला रस्सा खळखळून उकळतो, आणि नीट उकळण्यानं कृमी मरतो. आजोबांना काही झालं नाही ते आजीनं नीट शिजवलं म्हणून.

धोका कुठे शिरतो ते बघा.

निखाऱ्यावर भाजलेला खेकडा. ओढ्याकाठी काटक्या पेटवून भाजलेला खेकडा बाहेरून लाल होतो, सांध्याजवळचं मांस मात्र कच्चंच राहतं. लाल रंग ही शिजल्याची खूण नाही. कवच थोड्या उष्णतेनंही लाल होतं.

ठेचलेल्या पायांचा रस. बारीक पाय पाट्यावर ठेचून, गाळून तो रस रश्श्यात घालायची आपली पद्धत उत्तम आहे, खरी चव त्यातच असते. पण हा रस कच्चा असतो. तो शेवटी वरून ओतून लगेच गॅस बंद करू नका. आधी घाला आणि त्यानंतर रस्सा चांगला पंधरा-वीस मिनिटं उकळू द्या. पाटा, वरवंटा, सुरी, गाळणी आणि हात गरम पाण्यानं साबण लावून धुतल्याशिवाय त्यांवर कोथिंबीर किंवा कांदा चिरू नका. कच्च्या रसाचे थेंब कोशिंबिरीत जाणं ही अगदी सोपी चूक आहे, आणि ती स्वयंपाकघरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

औषध म्हणून कच्चा रस. सर्दी, खोकला, कावीळ अशा कशावरही कुणी कच्च्या खेकड्याचा रस सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा. पूर्ण उकळलेलं सूप अन्न म्हणून ठीक आहे. औषध म्हणून त्यावर विसंबून डॉक्टरांकडे जाणं लांबवू नका.

साफ करताना वरचं कवच काढा. दोन्ही बाजूंना पिसांसारखे करडे कल्ले दिसतील, ते काढून टाका. जिवंत पकडलेलाच खेकडा शिजवा. मेलेला मिळाला तर कितीही मोठा असो, तो खाऊ नका. त्याचं मांस फार लवकर नासतं.

आता पुन्हा पाण्याकडे. केळी किंवा कापसावर फवारणी झाल्यानंतर त्या शेतातून वाहणाऱ्या पाटातले, चारीतले खेकडे खाऊ नका. उकळल्यानं कृमी मरतो, कीटकनाशक जात नाही. गावाचं सांडपाणी मिसळणाऱ्या नाल्यातले खेकडेही टाळा. खेकडा कुजकं, मेलेलं सगळं खातो. त्यानं काय खाल्लं, ते तुमच्याही पोटात येतं.

ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे, त्यांनी खेकडा खाऊन बघण्याचं धाडस करू नये. दोन्हींत ॲलर्जी निर्माण करणारं प्रथिन जवळजवळ सारखंच असतं. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं यांपैकी काही झालं, तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठा.

आणखी एक. खोकला आठवडेच्या आठवडे टिकला, थुंकीतून तांबूस किंवा रक्त पडू लागलं, तर क्षयरोगाची तपासणी करायचीच. पण कधी कच्चा किंवा भाजलेला खेकडा खाल्ला असेल, तर तेही डॉक्टरांना आठवणीनं सांगा. हा कृमी क्षयाची हुबेहूब नक्कल करतो. तुम्ही सांगितलं नाही, तर खानदेशात बसलेल्या डॉक्टरांच्या मनात तो सहजी येणार नाही. त्यावर औषध आहे आणि ते डॉक्टरच ठरवतात.

धरायची परवानगी कुठे, मनाई कुठे

‘खेकडा काय वाघ आहे का?’ असं लोक मला विचारतात. पण इथे आधी हद्द बघतात, प्राणी नंतर.

यावल अभयारण्य. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातला कोणताही वन्यजीव परवानगीशिवाय मारता किंवा बाहेर नेता येत नाही. खेकडा त्यातून सुटत नाही. सहलीला गेलेल्या पोरांच्या बाटलीतला खेकडाही सुटत नाही.

मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव. २०१४ साली जाहीर झालेलं हे क्षेत्र आपल्या तालुक्यातलंच. संवर्धन राखीव म्हणजे अभयारण्य नव्हे, सगळी बंधनं इथे तशीच लागू नाहीत. पण वन्यजीवाला अपाय करणारी रसायनं आणि स्फोटकं वापरायला, आग लावायला इथेही बंदी आहे.

राखीव वन. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २६ राखीव वनात शासनाचे नियम मोडून शिकार, मासेमारी, पाण्यात विष कालवणं आणि सापळे लावणं यांना मनाई करतं. संवर्धन राखीवातली वनजमीन बहुधा या कायद्याखालीही येते.

धरणाचा जलाशय. मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे, ते आधी विचारा. हतनूरच्या फुगवट्यावर मासेमारी करून पोट भरणाऱ्यांच्या जाळ्यात हात घालणं हा कायद्याआधी भांडणाचा विषय होतो.

पाण्यात विष टाकायला तर कुठेच परवानगी नाही. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानंच तो गुन्हा ठरवला होता, आणि त्या कायद्यानं ‘मासा’ या शब्दात कवचधारी जलचरही धरले होते.

आता हक्काची बाजू. सातपुड्यातल्या तडवी, पावरा, भिल्ल वस्त्यांसाठी ती फार महत्त्वाची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(१) (घ) मासे आणि पाण्यातलं इतर उत्पन्न घेण्याचा सामूहिक हक्क मान्य करतं. वन्यप्राण्यांच्या शिकारीचा हक्क मात्र हा कायदा देत नाही. हा हक्क गावानं मागून घ्यावा लागतो:

1. ग्रामसभेत वनहक्क समिती आहे का, ते बघा. नसेल तर ग्रामसभेनं ती निवडावी.
2. कोणत्या ओढ्यावर, कोणत्या डोहावर, कोणत्या हंगामात गाव पिढ्यान्‌पिढ्या मासे-खेकडे धरतं, ते नावानिशी लिहा. ‘जंगलातलं पाणी’ असं मोघम लिहिलेला दावा कमकुवत ठरतो.
3. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. प्रत्येक टप्प्याची पोच घ्या.
4. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. मुदतीत अपील करता येतं.

वनरक्षकानं अडवलं तर वाद घालू नका. आपण नेमके कोणत्या हद्दीत आहोत, ते नकाशावर दाखवायला सांगा. जाळं किंवा पकडलेला माल जप्त झाला तर पंचनाम्याची प्रत मागा. विनम्रपणे मागितलेल्या प्रतीचा उपयोग आवाज चढवण्यापेक्षा जास्त होतो.

बांधातलं बीळ

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं आणि माणसं गेली. तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी दोष खेकड्यांवर टाकला. गळतीची तक्रार आपण आधीच केली होती, असं गावकरी सांगत होते. त्यानंतर खेकडा हा महाराष्ट्रात थट्टेचा विषय झाला. माझं मत असं: खेकड्याचं बीळ मातीच्या बांधाला गळती लावू शकतं, हे खरं. पण बीळ एका रात्रीत पडत नाही, आणि बांध बघायला माणूस असतो.

आधी बीळ कुणाचं ते ओळखा. तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्या रचलेल्या असतील आणि बीळ पाण्याच्या पातळीकडे उतरत असेल, तर खेकडा. सुटी कोरडी माती, कुरतडलेली कणसं किंवा काड्या असतील, तर उंदीर किंवा घूस.

मग बांधाच्या बाहेरच्या, कोरड्या अंगाला बघा. झिरपणारं पाणी स्वच्छ आणि रोज सारखंच असेल, तर काम शांतपणे करता येईल. पाणी गढूळ येत असेल, म्हणजे ते आतली माती घेऊन येतंय. त्याच दिवशी हालचाल करा. शेतातला पाट असेल तर पाणी बंद करा. पाझर तलाव किंवा बंधारा असेल तर स्वतः कुदळ चालवू नका. ग्रामपंचायतीला आणि मृद व जलसंधारण विभागाला लेखी कळवा, फोटो काढून ठेवा, पोच घ्या.

स्वतःच्या शेतातलं बीळ बुजवायचं तर:

- पाणी उतरल्यावर बिळाच्या शेवटापर्यंत खणा. नुसतं तोंड बुजवलं तर खेकडा दुसरीकडून निघतो आणि आतली पोकळी तशीच राहते.
- चिकण माती ओलवून, थराथरानं ठोकून भरा. भेगा पडणारी काळी माती एकटी वापरू नका, उन्हाळ्यात ती पुन्हा फाटते. तिच्यात मुरूम मिसळा.
- पाण्याच्या बाजूनं दगडी अस्तर द्या, बाहेरच्या बाजूला गवत लावा. मुळांनी माती धरली, की नवं बीळ पाडणं अवघड जातं.

बिळात थायमेटचे दाणे टाकायचा सल्ला अजूनही दिला जातो. थायमेट म्हणजे फोरेट, आणि ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेटवर देशात बंदी आहे. कुणाच्या कोठारात जुना डबा असेल तर तो वापरून टाकण्यासाठी नाही. बिळातलं विष पाटात, पाटातून ओढ्यात आणि तिथून गुरांच्या पिण्याच्या पाण्यात जातं. मेलेला खेकडा बगळा उचलतो, कुत्रा उचलतो, कधी एखादं पोरही उचलतं. डिझेल किंवा चुना ओतणंही त्याच जातीचं. शंका असेल तर किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर विचारा, फोन फुकट आहे.

खेकडे पाण्याबाहेर येऊ लागले तर

पावसाळ्यात एखादा खेकडा रस्त्यावर फिरणं स्वाभाविक आहे. कल्ले ओले असतील, तोवर तो हवेतही श्वास घेतो. पण एकाच वेळी अनेक खेकडे काठावर चढून बसले, सोबत मासे पृष्ठभागावर तोंड उघडत असतील किंवा मेलेले तरंगत असतील, तर पाण्यात काहीतरी बिघडलं आहे. ते पाणी गुरांना पाजू नका, तिथले मासे-खेकडे उचलू नका. तारीख, वेळ, जागा लिहून, फोटो काढून तहसील कार्यालयाला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जळगाव कार्यालयाला कळवा. वनहद्दीत असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर. दोन दिवसांनी कळवून उपयोग नाही, तोवर पाणी वाहून गेलेलं असतं.

वेगळ्या रंगाचा दिसला तर

सह्याद्रीत २०१६ साली एकाच शोधनिबंधातून खेकड्यांच्या पाच नव्या जाती जाहीर झाल्या. तेव्हापासून जांभळट किंवा केशरी खेकडा दिसला, की लोकांना नवी जात सापडल्यासारखं वाटतं. वयानुसार, कात टाकल्यानुसार रंग बदलतो, म्हणून बहुतेक वेळा तो नेहमीचाच खेकडा असतो. तरी फोटो काढा: पाठीचा, पोटाचा, दोन्ही नांग्यांचा. शेजारी नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. ओढ्याचं नाव आणि तारीख लिहा. खेकडा मारून बरणीत भरू नका. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथले लोक फोटो बघून पुढचं सांगू शकतील.

आणि तो साधा काळा खेकडाच निघाला, तरी नोंद वाया जात नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. येत्या पावसाळ्यात तुमच्या गावच्या ओढ्यात खेकडे कुठे दिसतात, कुठे दिसेनासे झाले, हे त्या वहीत लिहायला सांगा. वही मागितली आणि नाही मिळाली, तर पुढच्या ग्रामसभेत पहिला प्रश्न तोच विचारा.